पाण्याला पाय लागेपर्यंत

इंदू,

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तुझी सून नेकनूरला आली आणि माझ्या दारात उभी राहिली. पाठीवर तुझी ती खाकी पिशवी, हातात धपाट्यांचं फडकं. रेखा आधीच बोलायला कमी, त्यात तू गेल्यापासून तर तिचा आवाजच ऐकू येत नाही म्हणतात. उंबऱ्यातूनच म्हणाली, "मावशी, औंदा जायचं का न्हाई?"

मी तिला आत घेतलं, चहा टाकला आणि साखर घालायची विसरले. तिनं तो तसाच प्यायला. तुला जाऊन महिना झालाय. या महिन्यात लोकांनी मला काय काय विचारलं. कशानं गेल्या, शेवटी काय बोलल्या, दूधसंस्थेचं आता कोण बघणार. त्या सगळ्यांना मी जमेल तसं सांगितलं. पण आपलं दिवाळीचं चालणं तुझ्यामागं चालू ठेवायचं की तिथंच थांबवायचं, हे मला कुणाला सांगता येईना, कारण ते मी तुलाच विचारलं असतं.

म्हणून तुलाच लिहितेय. मधे बोलू नकोस. तुला गप्प बसून ऐकायची सवय नाही, पण आता इलाज नाही.

हे चालणं कुणी सुरू केलं यावर आपला कधी वाद झाला नाही, एवढा एकच विषय बिनवादाचा. आमचे हे गेल्याला वर्ष होत आलं होतं. मी तेव्हा तुझ्याच गावच्या शाळेत जायची, शिकवायची, शाळेमागच्या खोलीत येऊन दार लावून बसायची. तू गावच्या महिला दूधसंस्थेची सेक्रेटरी. दुधात पाणी सापडलं की बाईला भर चौकात झापणारी, आणि संध्याकाळी तिच्याच गोठ्यात जाऊन म्हशीला काय चारायचं ते सांगणारी. मी तुला जरा वचकूनच असायची. आपली ओळख नमस्कारापुरती. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी तू माझं दार वाजवलंस आणि म्हणालीस, "मॅडम, चला, नदीला जाऊन येऊ."

मी म्हटलं, "नदीला पाणी कुठंय?"

"न्हाईच की. म्हणून तर. जिथं आसंल तिथवर जाऊ."

मला वाटलं, गावाखालच्या वळणापर्यंत जायचं असेल. शाळेत घालायच्या चपला पायात अडकवल्या आणि निघाले.

आपल्या नदीचं खोरं बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. बीडला जंगल आहे म्हटलं की पुण्यातली माझी भाची हसते. तिच्या लेखी बीड म्हणजे टँकर आणि उसाला निघालेले ट्रॅक्टर. पण गाव मागं पडलं की बालाघाटाचे डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येतात, नदी त्यांच्यामधून वाकडीतिकडी उतरते, आणि काठानं धावडा, सालई, पळस, मधेच सागाचा एखादा पट्टा. दिवाळीच्या सुमाराला सीताफळांनी डोळे उघडलेले असतात. खाली खोरं रुंद होतं, आणि तिथं कुठंतरी धरणाचं फुगवट्याचं पाणी नदीच्या पात्रात वर चढत आलेलं असतं. कुठं, ते मात्र दर वर्षी वेगळं. पाऊस चांगला झाला तर ते अर्ध्या खोऱ्यापर्यंत येतं. नाही झाला तर धरणाच्या भिंतीकडं मागं मागं सरकत जातं.

त्या दिवशी आपण दुपारपर्यंत चाललो तरी पाण्याचा पत्ता नव्हता. एक मेंढ्यावाला भेटला. दोन बाया, ना डोक्यावर मोळी, ना हातात विळा, पात्रातून खाली चालल्यात म्हटल्यावर तो थांबलाच. "काय हरवलं व बाई?" मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तू माझ्याआधी म्हणालीस, "म्हैस."

"कशी हाय?"

"काळी," तू म्हणालीस.

तो पुढं गेल्यावर मी तुला विचारलं, खोटं कशाला बोललीस? तू म्हणालीस, "खरं सांगून त्याला कळलं आस्तं का? मलाच कळंना आपून कशापायी चाललोत."

संध्याकाळी खालच्या वाडीत पोचलो तर अर्धी वाडी बाहेर उभी आणि लिंबाला एक म्हैस बांधलेली. मेंढ्यावाल्यानं कुणाला सांगितलं, त्यानं वाडीत सांगितलं, आणि दोन बाया उन्हातान्हात म्हैस शोधत फिरतायत हे काही वाडीला बघवलं नाही. सगळ्यांनी मिळून रानातून एक म्हैस हाकलून आणली होती. एक म्हातारी घाम पुसत म्हणाली, "घ्या बाई तुमची म्हैस. लई पळवलं बघा तिनं."

दुसरी कुणीही असती तर माफी मागून मोकळी झाली असती. तू म्हशीभोवती फिरलीस, कासेला हात लावून बघितलंस, दात बघितलेस आणि गंभीरपणे म्हणालीस, "ही आमची न्हाई. पर हिच्या पोटात जंत झालेत. कुणाची हाय?" तेवढ्यात खरी मालकीण ओरडत आली, भर दिवसा तिची चरायला सोडलेली म्हैस कुणी पळवली म्हणून. वाडीवाले तिला समजावतायत, ती आपल्या दोघींना शिव्या घालतेय, आणि तू तिला जंतावरचं औषध सांगतेयस. शेवटी आपण तिच्याच घरी जेवलो आणि तिच्याच अंगणात झोपलो. उघड्यावर झोपायची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. त्या वाडीत आपल्याला अजून म्हशीवाल्या बायाच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचं पाणी दिसलं. बाभळीच्या बनातून बाहेर पडलो आणि समोर एकदम सपाट, लांबच लांब, चकाकतं पाणी. पलीकडच्या डोंगरापर्यंत. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, मी त्या हातात घेतल्या होत्या. तशीच घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिले आणि मला रडू आलं. हे गेल्यावर मी चारचौघांत रडले नव्हते. एकटीही रडले नव्हते. तू माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाहीस. लांब बसलेली बदकं कुठली असतील यावर स्वतःशीच मोठ्यानं बोलत राहिलीस, माझं आवरेपर्यंत. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्याकडं मैत्रिणीचे आभार कुणी मानत नाही, पण मनात होतं.

नियम तिथंच ठरला. पाण्याला पाय लागला की चालणं संपलं, त्याआधी नाही. वाटेतले ओढे, डोह धरायचे नाहीत. धरणाचंच पाणी पाहिजे आणि पाय उघडे पाहिजेत. एकदा पाय लागला की पुढं एक पाऊल टाकायचं नाही, सरळ डांबरी सडक गाठून गाडीनं परत. पाऊस बरा झाला की एक मुक्काम, बेताचा झाला की दोन-तीन. आपल्या भागात दुष्काळानं सगळंच आखडतं, फक्त आपली वाट तेवढी लांबायची.

पहिली काही वर्षं तुझ्या संस्थेची निळी ताडपत्री होती. मग माझ्या मुलानं मला नारिंगी तंबू आणून दिला. तू त्याला टोपलं म्हणायचीस. "हे टोपलं वाऱ्यानं उडंल, आन् तू त्यात कोंबडीसारखी बसलेली सापडशील." काड्या कशात घालायच्या ते मी वाचून वाचून सांगायची, तोवर तू ताडपत्री ताणून, तीन दगड मांडून, चहाला आधण ठेवलेलं असायचंस. तुझं अर्धं लहानपण साखर कारखान्याच्या तळावर, चटयांच्या झोपडीवजा कोपीत गेलेलं. आईबाप दिवाळी झाली की कोयता बांधून ऊसतोडीला निघायचे आणि तुला घेऊन जायचे. मी एकदा भीतभीत विचारलं होतं, "इंदू, तुला याचा कंटाळा नाही येत? लहानपणी हेच केलंस ना सगळं?" तू निखाऱ्यात सीताफळ परतत होतीस. म्हणालीस, "तवा पोटासाठी पालात ऱ्हायलो. एकदा हौसेनं ऱ्हाऊन बघायचं व्हतं."

एवढंच. मी पुढं काही विचारलं नाही. आता वाटतं विचारायला पाहिजे होतं. तुझी कोपी कशी होती, तू तिथं काय खेळायचीस, थंडीचं काय करायचीस. दर वर्षी आपण एका चुलीशी बसलो आणि मी तुला काय ऐकवत राहिले, तर शाळेतलं राजकारण.

आणि एक गोष्ट इथं लिहून ठेवते, कारण तू ती मेलीस तरी कबूल केली नसतीस. तुला दिशा कळत नव्हती. नदीच्या कडेनं खाली जायचं, यात चुकायला जागा तरी आहे का? पण तू दर वर्षी एकदा तरी म्हणायचीसच, "हिकडनं जवळ हाय," आणि मला डोंगरावर चढवायचीस. करवंदीच्या जाळ्यांतून ओरबाडून घेत, धापा टाकत आपण पलीकडं उतरायचो, तर समोर तोच खडक, ज्यावर मघाशी बसून धपाटे खाल्ले होते. तू त्या खडकाकडं रागानं बघायचीस, जणू तोच उठून आलाय. संध्याकाळी दूध घालायची वेळ झाली की मात्र तुला कुठंही असलीस तरी बरोबर कळायचं. चालताचालता थांबायचीस. "आता कॅन भरायलेत," म्हणायचीस, आणि थोडा वेळ तुझं लक्ष माझ्या बोलण्यात नसायचं.

मग तो दुष्काळ आला. दोन पावसाळे कोरडे गेले. गावची जनावरं चारा छावणीत गेली. दूधसंस्था आपोआप बंद पडणार असं सगळ्यांनीच धरलं होतं, तुझ्या घरातल्यांनीसुद्धा. तू कॅन उचललास आणि छावणीच्या फाटकाशी जाऊन बसलीस. कुणी तांब्याभर दूध आणलं तरी फॅट तपासून घ्यायचीस. कॅनचा तळ जेमतेम झाकायचा. एवढ्याशा दुधासाठी दूधसंघाची गाडी वाकडी करून यायला ड्रायव्हर कुरकुरू लागला, तर तू त्याला म्हणालीस, "आज तळ झाकतंय, उद्या गळ्याला यील. तू रोज ये. तू आलास न्हाई तर बाया म्हशी इकतेल." तो रोज आला. तुझ्यापुढं कुणाचं काय चालायचं?

त्या वर्षी जायलाच नको होतं असं माझं मत होतं. तरी गेलो. पिण्याच्या पाण्याचे कॅन पाठीला बांधून नदीकाठानं चालणं, हे फक्त आपल्याकडंच घडतं. जंगलात पान नव्हतं. सालई नुसती उभी होती. सीताफळं झाडावरच काळी पडून वाळली होती. संध्याकाळी तू पात्रातली वाळू उकरून झिरा काढायचीस, बराच वेळ काही नाही, मग तळाला ओल, मग ओंजळभर गढूळ पाणी. तेवढ्यात समोरच्या खडकावर मोर येऊन बसायचे. आपण उठायची वाट बघत. तू झिरा कधी बुजवला नाहीस. उलट एक बाजू हातानं उतरती करून ठेवायचीस, त्यांना चोच घालता यावी म्हणून.

नेहमीची पाणी भेटायची जागा आली, गेली. पुढं धरणाचाच तळ सुरू झाला. भेगाळलेला गाळ, शिंपले, कुणी आशेनं पेरलेला आणि बोटभर वाढून करपलेला हरभरा. आपण चालतच होतो. शेवटी गफूरभाईंचा तराफा दिसला, बाभळीला उभा टेकवून ठेवलेला. ते त्याच्याच सावलीत बसले होते. मासेमारी सोसायटीचे जुने सभासद. मी विचारलं, "भाई, मासे नाहीत, पाणी नाही, मग इथं काय करताय?" ते म्हणाले, "मच्छी न्हाई तो क्या हुआ, बाई, मीटिंग तो होती हर महिने. सोसायटी हाय ना आमची." तुला ते इतकं पटलं की तू तिथंच मांडी ठोकलीस.

पाणी कुठंय विचारलं तर त्यांनी हात लांब केला. "भिंतीकडं हाय थोडं. मधी गाळ. वरून सुका, आतून लोणी. परवा एक बैल गेलता त्यात. मत जाओ बाई."

मी म्हटलं, संपलं. पाणीच संपलंय तर चालणं संपलं. तू म्हणालीस, "पाणी हाय की. भिंतीकडं हाय म्हणतेत ना. डोंगराच्या अंगानं जाऊ, मुक्काम वाढतेल, वाढू दे." माझ्या टाचा फुटल्या होत्या, कॅन हलके झाले होते, आणि डोंगराच्या अंगानं म्हणजे तुझ्या अंदाजानं. मी खाली बसले ते उठलेच नाही. तू उभी, मी बसलेली, आणि मधे गफूरभाई अवघडून गेलेले. शेवटी त्यांनीच तोड काढली. त्यांच्या मडक्यातलं टँकरचं पाणी तांब्याभर आणलं. "लो बाई, पाव पे डालो, हो गया. पाणी ते पाणी." तू त्यांच्याकडं असं बघितलंस की बिचाऱ्यांनी तांब्या मागं घेतला.

"प्यायचं पाणी पायावर वततेत का, भाई?" तू म्हणालीस. मग तो तांब्या त्यांच्या हातून घेऊन माझ्यापुढं धरलास. "पी. तुझे व्हट बघ कसे झालेत."

मी प्यायले. आपण परत फिरलो. गाडीत तू गाव येईपर्यंत खिडकीला तोंड करून बसलीस.

माझंच बरोबर होतं, इंदू. आजही मी तेच म्हणेन. पुढं गाळ होता, तुला दिशा कळत नव्हत्या, आणि आपल्या दोघींची वयं काही रान तुडवत जीव धोक्यात घालायची नव्हती. पण तू ते सोडलं नाहीस. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पाणी खोऱ्यात आलं, आपण दोघींनी पाय भिजवले. मी म्हटलं, झालं एकदाचं, मागचं मिटलं. तू म्हणालीस, "हे औंदाचं. त्या सालचं उभंच हाय." पुढं रेखा यायला लागली, संस्थेच्या दोघी-तिघी यायला लागल्या, त्यांच्यासमोरही तू तेच. मी चिडून म्हणायची की तो विषय मी फेटाळलाय. तू संस्थेच्या सभेतल्यासारखा घसा साफ करून सांगायचीस, "फेटाळलेला न्हाई, मॅडम. तहकूब हाय." बाया हसून हसून आडव्या व्हायच्या.

बायांना सोबत घ्यायला मी विरोध केला होता तेही तुला आठवत असेल. मी म्हटलं होतं, चार तोंडं वाढली की जंगलाचा आवाज ऐकू येणार नाही. तू म्हणालीस, "त्यांला सासर आन् गोठा सोडून तिसरी जागा ठाव न्हाई. येऊ दे." तुझं खरं ठरलं. रेखा घरात बोलत नाही, पण तिथं, पळसाखाली पथारी टाकल्यावर, तिला मी गाताना ऐकलंय. कसली गाणी ते विचारलं तर गप्प झाली. पुढच्या वर्षी न विचारता ऐकली.

मी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कुरकुरत चालले. पाय दुखतात, पाठ दुखते, टोपल्याला गळती लागलीय, चहात धूर उतरलाय. निघायच्या आदल्या दिवशी तर मी दर वर्षी काहीतरी कारण काढायचीच, आणि तू ते ऐकून न ऐकल्यासारखं करून माझी पिशवी भरायला घ्यायचीस.

यंदा तू बीडच्या दवाखान्यात पडून होतीस आणि बाहेर पाऊस थांबत नव्हता. मी भेटायला आले की तुझा पहिला प्रश्न, "पाणी कुठवर आलंय?" मी गफूरभाईंना फोन करून विचारून ठेवायची. बाभळीच्या बनापर्यंत आलंय. बन बुडालं. वाडीच्या खालच्या शेतांना लागलंय. तू डोळे मिटून ऐकायचीस, आणि ते सगळं तुला दिसतंय हे मला कळायचं. शेवटच्या भेटीत म्हणालीस, "म्हंजी औंदा लई चालणं न्हाई. तुला बरंच हाय. तुला कुठं आवडतंय चालायला?"

मी म्हटलं, "नाहीच आवडत. तू ओढत नेतेस म्हणून येते."

तू हसलीस. नर्स आली, मी उठले, पिशवी उचलली, येते म्हटलं. आपलं ते शेवटचं बोलणं.

तू गेलीस त्या दिवशी मी नेकनूरच्या स्टँडवर उभी होते. सकाळीच तुझ्या यजमानांचा, दाजींचा, फोन आला होता की लवकर या. पुलावरून पाणी चाललं होतं, एसटी सुटत नव्हती, जीपवालाही तयार होईना. इतकी वर्षं ज्याच्यासाठी आपण पायी गेलो ते पाणी मला आडवं आलं होतं. मी छत्री मिटून त्याला शिव्या दिल्या. माझ्याशेजारी एक म्हातारा उभा होता, तो म्हणाला, "बाई, पावसाला असं बोलू नये. लई सालांनी आलाय." त्याचंही बरोबर होतं. मी तिथंच उभी असताना रेखाचा फोन आला.

हे सगळं मी त्या सकाळी रेखाला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा चहा केला, साखर घातली. ती कप धुऊन पालथा घालत म्हणाली, "मावशी, बाया तयार हायेत. तुमी न्हाई म्हणलं तर त्या जायच्या न्हाईत." मी कपाटावरचं टोपलं काढायला स्टुलावर चढले.

गेलो, इंदू. तुझ्या गावातूनच निघालो. रेखा, संस्थेच्या दोघी आणि मी. नदी अशी वाहतेय की पात्रातून चालायची सोयच नाही, वरच्या पायवाटेनं जावं लागलं. जंगल तू बघायला पाहिजे होतंस. सालईवर पानं, धावड्यावर पानं, गवत कमरेला, सीताफळं तोडणारं कुणी नाही म्हणून खाली पडून फुटलेली आणि त्यावर पाखरं. रेखा सांगत होती की दूध इतकं वाढलंय की संस्थेला कॅन पुरत नाहीत, संघाच्या गाडीला दोन खेपा कराव्या लागतात. तो ड्रायव्हर तुझ्या तेराव्याला येऊन गेला म्हणे. मी ऐकत होते, चालत होते, आणि बऱ्याच दिवसांनी मला श्वास पुरत होता. आता वाडी येईल, मग मुक्काम, मग उद्याचा सगळा दिवस, असं मनात मांडत होते. दोन दिवस तुझ्यासोबतच असल्यासारखे काढायचे, एवढीच माझी तयारी होती.

आणि उंबराच्या वळणावर पाणी आलं. जिथं आपण घरून निघाल्यावर पहिल्यांदा टेकायचो, तिथं. वाडीच्याही कितीतरी अलीकडं. अजून जेवणसुद्धा सोडलं नव्हतं. पात्र भरून, दोन्ही डोंगरांना लागलेलं, शांत, थांबलेलं पाणी. पळस कमरेपर्यंत त्यात उभे. एवढ्या वर पाणी आलेलं आपण कधी बघितलं नव्हतं. वाडीच्या म्हाताऱ्यांनी तरी बघितलं असेल की नाही कोण जाणे.

बाया ओरडल्याच. पदर खोचून पाण्यात शिरल्या, एकमेकींवर उडवू लागल्या. रेखा चपला काढून काठाशी उभी राहिली, हसली. "झालं की, मावशी! एवढ्यात?" मग तिचे डोळे भरले. ती पाण्यात गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मी बघितलं नाही. झाडावर खंड्या बसला होता, त्याच्याबद्दल काहीतरी मोठ्यानं बोलत राहिले.

मी दगडावर बसले आणि बुटाची नाडी सोडली. एक बूट निघाला. मोजा निघाला. पाणी माझ्या पायापासून वीतभर होतं, इंदू, आणि माझा पाय पुढं होईना. इतकी वर्षं जे पाणी दिसलं की मी आधी धावायची, सुटले म्हणायची, त्याच्यावर मला राग आला. इतक्या लवकर कशाला आलं? एक मुक्काम तरी द्यायचा होता. पाय लागला की चालणं संपणार होतं, आणि हे शेवटचं चालणं तुझं होतं.

मला चालायला आवडतं. तुला दवाखान्यात मी खोटं सांगितलं. मला ते धुराचे चहा आवडत होते, टोपलं आवडत होतं, तुझ्या चुकीच्या वाटा आवडत होत्या. दिवाळी जवळ आली की मला शाळेतल्या मुलींसारखं व्हायचं, आणि ते तुला कळू नये म्हणून मी कारणं काढायची. तुला कळत असणार, नाहीतर तू पिशवी कशाला भरली असतीस? पण मी तोंडानं सांगितलं नाही.

मी मोजा चढवला, बूट घातला आणि नाडी बांधली. बाया हाका मारत होत्या, "या की मॅडम, पाय लावा, मंग जेवू." मी म्हटलं, तुम्ही जेवून घ्या. त्यांना वाटलं पाण्याला भ्याले. मग भर दुपारी, काही गरज नसताना, मी काठावर तंबू लावायला घेतला. काड्या कशात घालायच्या ते मला अजून येत नाही. रेखा ओल्या पायांनी आली आणि काही न विचारता दुसरी बाजू धरली. तो दिवस आम्ही तिथंच काढला, चूल मांडली, सीताफळं भाजली. सकाळी आवरून निघताना तिनं माझ्या पायांकडं बघितलं.

"मावशी, तुमी पाण्यात आलाच न्हाईत. मंग औंदाचं झालं का न्हाई?"

"माझं नाही झालं," मी म्हटलं, आणि कोरड्या पायांनी गाडीत बसले.